दोनशे बारा रुपयांचं रेडिओ स्टेशन

शारजा, २ नोव्हेंबर

प्रिय जगन्नाथ,

व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं, म्हणून शेवटी कागद घेतला. अक्षर बिघडलंय, सांभाळून घे.

शनिवारी दुबईच्या देरा बाजारात गेलो होतो. एका मल्याळी दुकानदाराकडे छोट्या एएम ट्रान्समीटरचा भाव विचारला. तो हसला. ‘भाईसाब, आजकल एएम सुनता कौन है?’ पण कॅटलॉग काढून बसला. ट्रान्समीटर अठ्ठावीसशे दिरहॅम, म्हणजे आपले चौसष्ट हजार. मिक्सर आणि दोन माईक मिळून चौदाशे. मला वाटलं, खलास. तर म्हणाला, खरा पैसा मशीनला लागतच नाही. उंच अँटेना आणि तिच्याभोवती जमिनीत पुरायची तांब्याची तार, यालाच पाच हजार दिरहॅम जातील. एकूण दोन लाखांच्या वर. घरी आल्यावर अनुराधा म्हणाली, ‘अहो, रिटायर होताय ना? मग हे काय नवीन?’ मुग्धाने फोनमधून मान वर न करता सांगितलं, ‘बाबा, जस्ट डू अ पॉडकास्ट.’

या मायलेकींना काय सांगू, आपलं स्टेशन दोनशे बारा रुपयांत उभं राहिलं होतं म्हणून! भंगारातल्या रेडिओंचे भाग, आणि अँटेना म्हणजे होस्टेलच्या गच्चीवरची कपडे वाळत घालायची तार. सर्किट माझं, आवाज तुझा. त्यातले दीडशे तू खानावळीचे दिलेस आणि महिनाभर रात्री केळी खाऊन राहिलास. मेसच्या आमटीचं हवामान सांगायचास: ‘उद्या आमटी पातळ राहील, डाळीची शक्यता कमी.’ तीन इमारतींत मुलं पोट धरून हसायची. इतकं मन लावून मी पुढे कुठलंच काम केलं नाही रे, पगार कितीही मिळाला तरी.

तिसऱ्या रविवारी प्राचार्य घरी रेडिओवर क्रिकेट कॉमेंट्री ऐकत होते, तीत आपला आवाज घुसला. सोमवारी त्यांनी सगळ्यांना उभं केलं. ‘कुणाचा उद्योग हा?’ तू पुढे झालास. ‘माझा एकट्याचा, सर.’ मी तुझ्या शेजारीच होतो, सर्किटच्या तारांना डाग देताना भाजलेलं बोट खिशात लपवून. तुला वर्षभरासाठी कॉलेजातून काढलं. वडिलांनी परत पाठवलंच नाही, तासगावच्या दुकानात बसवलं. मला फर्स्ट क्लास मिळाला, मग अबुधाबीची नोकरी. चाळीस वर्षांत तू एकदाही हा विषय काढला नाहीस. माझ्या लग्नात लाऊडस्पीकर बंद पडला, तर भरलं ताट बाजूला सारून तूच दुरुस्तीला उठलास. निदान त्या दिवशी तरी मी बोलायला हवं होतं.

आता बोलतो. कॉलेजचा सुवर्णमहोत्सव आहे. तिथे मुलांसाठी छोटं रेडिओ केंद्र काढायचंय. परवानगीचं कॉलेज बघतंय, यंत्रांचा खर्च माझा. त्यांची पत्रिका आली, तीत छापलंय, ‘आपल्या पहिल्या रेडिओचे जनक श्री. सतीश.’ आठ दिवस ती ड्रॉवरमध्ये ठेवली. चांगलं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? काल मात्र कॉलेजला सगळं लिहून कळवलं: रेडिओ दोघांचा होता, शिक्षा एकट्याने भोगली. पत्रिका नव्याने छापताहेत. उद्घाटन तुझ्या आवाजाने व्हावं, असंही मी लिहिलंय, तुला न विचारता. नाही म्हणालास तर तो तुझा हक्क आहे. बारा तारखेला येतोय. कॉलेजात नंतर जाईन, आधी तुझ्या दुकानात. कॉलेजात चारशे लोकांसमोर माफी मागणं सोपं आहे. मला ती आधी तुझ्यासमोर मागायचीय.

इतकी वर्षं गप्प राहिलेला, तरीही तुझाच,
सतीश