परातीतली तूट

१९ एप्रिल १९९९
पोचलो बुवा एकदाचा! नाशिकहून पेठपर्यंत एसटी, पुढे जीप, आणि शेवटचा दीड मैल पेटी डोक्यावर घेऊन टेकडी. पण जागा झकास आहे. तारेच्या कुंपणात आमचं छोटं हवामान संशोधन केंद्र: पर्जन्यमापक, तापमापकांची पांढरी पेटी आणि मधोमध बाष्पीभवन मोजायचं चार फुटी पत्र्याचं पात्र. गावकरी त्याला ‘सरकारी परात’ म्हणतात. काम सोपं. सकाळी साडेआठला परातीतलं पाणी किती मिलिमीटर उतरलं ते लिहायचं आणि तेवढंच मापून भरायचं. गंगापूर रोडच्या ऑफिसातली साहेबाची कटकट सुटली, देव पावला. सुट्टी लागली की सविता आणि आमची तृप्ती येतील. सहा वर्षांच्या पोरीला झाडावरच्या कैऱ्या दाखवायच्या आहेत.

२३ एप्रिल
आज चोरी पकडली, तीही उलटी! झाडलोट करणाऱ्या चिमणाबाई रोज संध्याकाळी घरून लोटाभर पाणी आणून परातीत ओततात. एक लोटा म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर. म्हणजे दहा वर्षांची आकडेवारी पाण्यात! जाम तापलो. त्या शांतपणे म्हणाल्या, सायेब, टेकडीवरच्याला तहान लागती, लोटा त्याचा हाय. आधीचे रावजी भाऊसाहेब कधी नाय म्हनले नाय. मी म्हटलं, संशोधनात असले लाड चालत नाहीत. फाटकाला कुलूप घातलं.

२७ एप्रिल
तूट काल चौदा मिलिमीटर, आज एकोणीस; एरवी नऊ-दहा. वारा नाही, ऊन नेहमीचंच. एखादं जनावर कुंपणातून शिरत असणार. परातीवर तारेची बारीक जाळी टाकली, कडेनं दगड ठेवले. आता ये म्हणावं!

३० एप्रिल
पारा एक्केचाळीस आणि तूट शून्य. जाळीतून वाफ तर जातेच. तीनदा मोजलं. आकडा हलेना.
चिमणाबाईंच्या नवऱ्याची, बुधाची, शेळी सकाळी मेलेली सापडली. जखम नाही, रक्त नाही. वाळलेल्या आमसुलासारखी झाली होती. बुधानं ती दोन बोटांनी उचलली. मला बघवलं नाही.

३ मे
पुन्हा शून्य. आज गावातल्या पुंजाचे दोन कुत्रे, तसेच.
चिमणाबाई लोटा घेऊन फाटकाशी आल्या. मीच कुलूप काढलं, जाळी उचलली, स्वतःच्या हातानं लोटा ओतला. लाज वाटली. त्या म्हणाल्या, उपाशी ठेवलेल्याचं आता एका घासात भागायचं नाय.

६ मे
खरंच भागत नाही. रोज पाच बादल्या लागतात. विहिरीनं तळ गाठलाय, टँकर फक्त गुरुवारी. माझ्या वाट्याचं सगळं परातीत. पण जाळी काढल्यापासून गावात काही मेलं नाही.
वहीत खोटं लिहितो, नऊ, दहा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोट्या आकड्यांवर लाल रेघा मारल्या मी! थकलो. टेकडी चढताना पाय भरून येतात. ओठ फुटलेत.

९ मे
सविताला पत्र टाकलं, येऊ नका. पेठला फोन करायला गेलो तर लाइन बंद. परत येताना चार वेळा बसलो.

१२ मे
त्या दोघी आल्या. पत्र मिळालंच नाही. तृप्ती धावत येऊन गळ्यात पडली, बाबा किती वाळलात म्हणाली. आणि तिला ऊन लागलंय, अंग तापलंय. उद्याच्या टँकरमधून परत पाठवतो. जीपा सगळ्या लग्नांना गेल्यात.

१३ मे
टँकर नाही.
शेवटच्या तीन बादल्या परातीत ओतल्या. सविता भांडली. पोर पाण्यासाठी तडफडतेय आणि तुम्ही भांड्याला पाजताय, वेड लागलंय तुम्हाला. सगळं सांगितलं. तिनं माझ्याच कपाळाला हात लावून बघितला.

१४ मे
कालचा टँकर आजही नाही. ताप उतरत नाही, चालत नेता येत नाही.
चिमणाबाईंनी घरोघर मागून सात लोटे आणले. एक तृप्तीला, सहा परातीत. लोकांच्या घरात काय उरलं असेल — विचारलं नाही. सविता सगळं बघत होती. मी ओट्यावर बसलो तिथंच डोळा लागला —

१५ मे
साडेआठ. वही घेऊन परातीशी आलोय. परातीवर जाळी. कडेनं दगड —
सविताला हाक मारली. म्हणतेय, मीच टाकली काल, तुम्ही झोपल्यावर. पोरीसाठी निदान एवढं तरी पाणी वाचावं.
तूट शून्य.
पुन्हा मोजलं — शून्य —
सविता दारात आलीय, हसतेय. ताप उतरला म्हणते. तृप्तीला कडेवर घेतलंय, म्हणते, अजून उठत नाही, पण अंग किती हलकं लागतंय हो —