ट्रामच्या काचेआडचे हे

व्हिएन्ना, शनिवार, जून २००४

लेकीसोबत दोन दिवसांसाठी इथं आलोय, पण तिचा पाय मुरगळला. म्हणून आज आम्ही दोघंच शहर बघायला निघालो. नकाशा अर्थात ह्यांच्याकडं. कोल्हापुरात राजारामपुरीतनं मंगळवार पेठेत जायचं तरी हेच सोडायला येतात.

ट्राम थांबली, मी उतरले आणि मागं दार मिटलं. आतलं बटण दाबल्याशिवाय ते उघडत नाही, हे ह्यांना कुठं ठाऊक! काचेवर तळहात मारत "अगं, थांब की!" म्हणत होते, तोवर ट्राम निघालीसुद्धा. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी मात्र घाबरले नाही. का, कोण जाणे. रुळांच्या कडेकडेनं चालत गेले. पुढच्या थांब्यावर हे उभे होते. "व्हय, आलीस?" एवढंच म्हणाले.

काचेवरचा तो हात डोळ्यांसमोरून हलत नाही. माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

हॉटेलवर लेकीनं विचारलं, "बाबा, उद्या कुठं जायचं?"

हे बूट काढत म्हणाले, "आईला विचार."