चार मिनिटांचा भुयारी मार्ग

सोमवार, ३ मार्च
आज बोर्ड लागला. 'नवे स्टेशन – भुयारातून ४ मिनिटे.' जुन्या आणि नव्या स्टेशनला जोडणारं भुयार सुधारा, असं साहेब वर्षभर म्हणत होते. निधी मात्र फक्त एका बोर्डाचा. मी सुधारून दाखवलं. वेळ स्वतः मोजली. जुन्या स्टेशनच्या पिवळ्या फरश्या संपतात तिथून नव्याच्या करड्या फरश्या सुरू होतात तिथपर्यंत. दोन्हीकडचे जिने स्टेशनांच्या ताब्यात, त्यामुळे ते धरलेले नाहीत. महिनाअखेरच्या आढाव्यात कौतुक होणार हे नक्की.

मंगळवार, ४ मार्च
हिची नवी नोकरी सुरू. अकरा वर्षं घरी काढल्यावर. पहिले तीन महिने ट्रायल. ९:०५ला जुन्या स्टेशनात उतरायचं, ९:१४ची गाडी नव्यातून. हिला कागदावर काढून दिलं. पाच मिनिटं उरतात, त्यात चहा घे म्हटलं.

गुरुवार, ६ मार्च
हिची गाडी चुकली. पहिला लेट मार्क. किती हळू चाललीस, असं मी अगदी प्रेमाने विचारलं. जिन्याला पायऱ्या किती आहेत, असं उलट तिने विचारलं. तो विषय आमच्या विभागाचा नाही.

बुधवार, १२ मार्च
दुसरा लेट मार्क. एरवी धावत कशीबशी गाठते म्हणे. म्हणे वळणावर दोन बाण आहेत आणि दोन दिशांना आहेत. अर्थात. एक येणाऱ्यांसाठी, एक जाणाऱ्यांसाठी. म्हणे वळणापुढे पाणी साचलंय. नाचता येईना अंगण वाकडं.
वरून जावं तर पूल आणि तीन सिग्नल, वीस मिनिटं. आधीची गाडी धरावी तर मुलीला शाळेत कोण सोडणार, असं ही विचारते. मी सोडलं असतं, पण सकाळी माझं बोर्डाचं निरीक्षण असतं.
रात्रीचं जेवण स्वतः वाढून घेतलं.

बुधवार, १९ मार्च
तिसरा. हिच्या मॅनेजरबाईंनी सांगितलं की तीन लेट मार्क म्हणजे ट्रायल संपली. मात्र बोर्डावरची वेळ चुकीची आहे असं रेल्वेने लेखी दिलं तर तिन्ही मार्क रद्द करतील. मुदत शुक्रवार २८, संध्याकाळी साडेपाच.
ही जेवताना एवढंच बोलली. मी म्हटलं, रीतसर अर्ज कर. सरकारी काम आहे, घरातल्या घरात पत्रं वाटता येत नाहीत.

सोमवार, २४ मार्च
टपालात अर्ज आला. आवक शिक्का, नंबर, सगळं व्यवस्थित. अर्जदाराचा पत्ता माझाच. 'संबंधित अधिकाऱ्यांनी एकदा हातात पिशवी घेऊन चालून पाहावे' असं वाक्य आहे. साहेबांनी ते लाल पेनाने अधोरेखित केलंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी बोलायची सोय होती की. तशी ती तीन वेळा बोलली, पण तोंडी.

मंगळवार, २५ मार्च
साहेब म्हणाले, खरं असेल ते लिहा आणि सही करा, तुमच्याच अधिकारातलं आहे. साधं आहे. पण आढावा गुरुवारी. त्याआधी सही केली तर माझा बोर्ड माझ्याच हाताने खोटा ठरतो. शुक्रवारी करू. भरपूर वेळ आहे.

बुधवार, २६ मार्च
हिची पिशवी घेऊन चाललो. जिन्याच्या वरच्या पायरीपासून पलीकडच्या वरच्या पायरीपर्यंत. तेरा मिनिटं. वळणावर चुकीच्या बाणाने गेलो होतो, म्हणून पुन्हा मोजलं. साडेबारा. दोन्ही वेळा बूट भिजले. गुडघा बोलू लागल्याने तिसरी फेरी रद्द.
पिशवीत काय एवढं भरते कोण जाणे.

गुरुवार, २७ मार्च
आढावा पुढच्या महिन्यावर ढकलला. साहेबांना लग्नाला जायचंय. परवाच सही केली असती तरी चाललं असतं. असो. उद्या शुक्रवारच आहे.
हिने पत्राचं विचारलं. काम चालू आहे असं सांगितलं. ती भांडी घासायला गेली.

शुक्रवार, २८ मार्च, दुपारी ४:१०
सही केली. 'जिन्यांसह प्रत्यक्ष वेळ १३ मिनिटे, बोर्डावरील वेळ चुकीची.' माझा बोर्ड माझ्याच हाताने खोटा ठरला. पण बायकोसाठी माणूस काय करत नाही. मॅनेजरबाईंना सही-शिक्क्याचं मूळ पत्रच लागतं आणि जावक टेबलावरचे गृहस्थ ट्रेनिंगला गेलेत. म्हणून स्वतः घेऊन जातो. जुन्या स्टेशनात पाचला उतरेन, नव्यातून ५:०७ची गाडी, ५:१६ला तिच्या ऑफिसात. चौदा मिनिटं हातात. तेरा मिनिटं ही सर्वसाधारण प्रवाशासाठी. मला सवय आहे, मला चारच लागतील.

शुक्रवार, संध्याकाळी ७
५:०७ डोळ्यांदेखत गेली. पुढची ५:२७. पोचलो ५:३६.
मॅनेजरबाई बरोब्बर साडेपाचला निघून गेल्या. सोमवारपासून दुसरी मुलगी येणार, तिला फोनही करून झाला होता.
ही बाहेर पायरीवर बसली होती. पिशवीत तिचा कप, टेबलाखाली ठेवायच्या सपाता, गुंडाळलेली शाल. मी पत्र दिलं. तिने शेवटपर्यंत वाचलं. चांगलं लिहिलंय म्हणाली. मला फार वाईट वाटलं.
पत्राची नीट घडी घालून तिने ते मला परत दिलं. माझ्या ओल्या बुटांकडे बघून विचारलं, कुठून आलात.
खालून, म्हटलं.