कागदावरची बाई

१६ सप्टेंबर १९५६, रविवार

आजचं पाचवं गिऱ्हाईक! भिंत किती इंची, नळाला पाणी कधी, शेजारी कोण, विकता कशापायी — तेच तेच प्रश्न, आणि चहा करायचा मी! यांची कचेरी भोपाळला चाललीय, म्हणून घर विकायचं. भाड्यानं द्या म्हटलं, तर म्हणे, "तुला व्यवहारातलं काय कळतं!" बावीस वर्षं हे घर मी सारवलं. मला नाही विकायचं. पण विचारतंय कोण?

१९ सप्टेंबर

देपालपूरचे उदयसिंहजी, धान्याचे व्यापारी. त्यांना घर पसंत! यांनी लगेच बयाणा मागितला. त्यांनी हात जोडले — "भिया, अब तो श्राद्धपक्ष लग रहा है. नवरात्र लगते ही दूँगा." पंधरा दिवस तरी सुटले मी!

२७ सप्टेंबर

वारलेल्या मामंजींच्या पेटीतून घराचा मोडीतला कागद निघाला. यांना मोडी येत नाही, वकिलाकडे नेला. तोंड पाडून आले. "काय झालं?" तर "काही नाही." जेवलेही नाहीत.

२८ सप्टेंबर

धाकटे भावोजी श्रीपाद महूहून आले. दोघांची कुजबुज. मी गेले की गप्प! मी काय परकी आहे?

३ ऑक्टोबर

शेवटी भावोजींकडून खरं काय ते काढून घेतलं. कागदावर मालक म्हणून एका बाईचं नाव आहे! तिच्या बापाचं नाव वाळवीनं खाल्लंय. दोघा भावांना वाटतं, मामंजींनी कुणी ठेवलेली असणार. शी! पूजेशिवाय पाण्याला न शिवणारा माणूस तो! हे तिला शोधत पार गावाबाहेर खजरान्यापर्यंत जाऊन आले म्हणे. सापडली की सही घ्यायची. मी म्हटलं, नाव तरी सांगा. "वहिनी, तुम्ही नका यात पडू." चीड येते नुसती!

५ ऑक्टोबर, घटस्थापना

उदयसिंहजी बयाणा घेऊन दारात. हे घायकुतीला येऊन मला म्हणाले, "ही सरोजिनी कोण? वडील तुझ्यापाशी कधी बोलले होते?"

लग्नात तांदळाच्या ताटात यांनीच अंगठीनं 'मंगला' लिहिलं. त्याआधी सोळा वर्षं मी सरोजिनीच होते; बावीस वर्षांत या घरात ते नाव कुणी घेतलं नाही, हेही विसरले! माझ्या वडिलांनी लग्नात दिलेल्या पैशांतून मामंजींनी घर घेतलं, आणि माझ्याच नावावर केलं! कुणाला बोललेही नाहीत.

मी दारात जाऊन उदयसिंहजींना सांगितलं — मालकीणबाईंना विकायचं नाही.