पूर्वेकडचे तीन मीटर

३ मार्च, सोमवार

चौथा दगड सापडला – व्हॅनखाली! धाकटा म्हणाला, “गाडी हलणार नाही, बॅटरी उतरलीय.” त्याची बहीण म्हणाली, “गाडीची ना? तुझी नाही ना? मग ढकल.” तिघांनी ढकलली. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, पण हद्दीचे चारही कोपरे पक्के झाले.

काम साधं आहे. वडिलांची एक जागा, तिचे दोन तुकडे करायचे. रस्त्याकडचा धाकट्याला, त्याचं घर तिथे आहेच. मागचा रिकामा तुकडा बहिणीला. ती इस्पितळात मेट्रन आहे. मीही मनातल्या मनात तिला मेट्रनच म्हणते. आज तासाभरात तिने मला तीनदा पाणी प्यायला लावलं. जूनअखेर ती निवृत्त होणार, त्या दिवशी क्वार्टर सोडायचं. त्याआधी मागे दोन खोल्या उभ्या करायच्या आहेत. पालिकेच्या समितीची बैठक सत्तावीस तारखेला, फायली वीसपर्यंतच घेतात. एप्रिल-मेमध्ये बैठकच नाही. म्हणजे हीच एक संधी.

मागच्या तुकड्याला जायला रीतसर वाट दाखवल्याशिवाय मंजुरी मिळत नाही. पण पूर्वेला तीन मीटर रुंदीची बोळ आहे, पालिकेच्या नकाशातच आहे. बोळीपलीकडे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या काकांचं कुंपण. प्रश्न मिटला.

आणि तो नकाशा माझाच! एकोणीस वर्षांपूर्वी, सरांच्या मोजणीच्या ऑफिसात नोकरीला असताना मी काढलेला. कोपऱ्यात माझी आद्याक्षरं. तेव्हा सगळं हाताने. सर माझा कागद उजेडात धरून बाकीच्यांना दाखवायचे – “बघा, एकही खाडाखोड नाही.” सर जाऊन सहा वर्षं झाली. आज त्या आद्याक्षरांवरून बोट फिरवलं. (मिरवते आहे का मी? थोडीशी.)

५ मार्च, बुधवार

मोजमाप जुळत नाही. घड्याळकाकांच्या जागेची रुंदी पालिकेच्या जुन्या नोंदीत एकवीस मीटर. जागेवर अठरा. फीत दोनदा लावली, मग उलट्या बाजूने. अठराच.

काका कुंपणाआडून बघत होते. “अठराच भरेल,” म्हणाले. “पूर्वी एकवीस होती. मग तुमच्या नकाशात बोळ निघाली, तेव्हा कुंपण आत घेतलं.”

“तुम्ही स्वतः?”

“मग काय, ते पायाने चालत आलं?”

हसले. मीही हसले. घरी येऊन मेट्रनच्या वडिलांचा खरेदीचा कागद काढला. पूर्वेला ‘घड्याळवाल्यांची जागा’ एवढंच लिहिलंय. मधल्या बोळीचा उल्लेखच नाही. लिहायचं राहून गेलं असेल. राहतं असं. (राहतं का?)

७ मार्च, शुक्रवार

पालिकेच्या अभिलेख खोलीत गेले, जुने नकाशे ठेवतात तिथे. मूळ नकाशा मागितला – ज्यावरून मी एकोणीस वर्षांपूर्वी ट्रेसिंग केलं तो. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “तो कशाला हो? तुमचा स्वच्छ नकाशा आहे की! तो जुना कुणी उघडतसुद्धा नाही.”

उघडला. मागे कापड लावलेला जाड कागद, कित्येक वर्षं चार घड्या घालून ठेवलेला. घड्या मळून काळ्या झालेल्या. त्यातली एक उभी घडी – सरळ, बारीक, काळी – घड्याळकाकांच्या जागेतून जाते. हद्दीपासून मोजली. तीन मीटर.

ती रेषा तिथे थांबत नाही. तशीच खाली उतरते, विहिरीच्या खुणेतून जाते, नकाशाच्या शीर्षकातली दोन अक्षरं कापते आणि थेट कागदाच्या काठाला लागते. हद्द कधी अक्षरांतून जाते का?

मी मात्र ती जागेच्या कोपऱ्यापाशी नेमकी थांबवली होती. हद्द तिथे थांबायला हवी हे मला ठाऊक होतं ना! रेषा सुंदर आहे माझी. एकसारखी, न थरथरलेली.

बोळ नाहीच. कधी नव्हतीच. मी कागदाच्या घडीला शाई लावली.

८ मार्च, शनिवार

कुणाला काही सांगितलं नाही. दूध उतू गेलं. दोनदा.

९ मार्च, रविवार

आजही नाही.

१० मार्च, सोमवार

नवऱ्यानेच विचारलं – “दातात काही अडकल्यासारखा चेहरा करून तीन दिवस फिरते आहेस. सांगून टाक.” सांगितलं.

तो शाळेत भूगोल शिकवतो. त्याने नीट ऐकलं, मग म्हणाला, “मी एकदा वर्षभर मुलांना एक नदी चुकीच्या डोंगरातून उगम पावायला लावली होती. नदीचं काही बिघडलं नाही.”

“त्या नदीने कुंपण उपटून आत नाही लावलं.”

भांडी त्यानेच घासली.

स्वतःला विचारलं, खरं काय वाटतंय? पश्चात्ताप? थोडा. पण पहिल्यांदा मनात आलं ते हे – मी बोलले नाही तर कुणाला कळणार नाही. बोळ पालिकेच्या नकाशात आहे, सगळे तिला बोळच म्हणतात, मेट्रनचं घर होईल, काका कधी तक्रार करणार नाहीत. सगळं जुळतं. फक्त खोटं आहे. आणि खोटं आहे हे आठवायला मला एक क्षण लागला. तो क्षण मला आवडला नाही.

११ मार्च, मंगळवार

दोघा भावंडांना ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, तीन खुर्च्या. मूळ नकाशाची प्रत पसरली, घडी बोटाने दाखवली.

मेट्रनने घडीवरून स्वतःचं बोट फिरवलं. “म्हणजे घर माझं, आणि जायला वाट नाही. उडत जाऊ?”

“वाट पश्चिमेकडून देता येईल. तुमच्याच जागेतून, यांच्या तुकड्याच्या कडेने.”

“तिथे माझी शेड आहे!” धाकटा उठलाच. “व्हॅन काय डोक्यावर ठेवू? वा रे वा! घडी तुमची, आणि इस्त्री आम्ही करायची?”

बरोबरच होतं त्याचं.

मेट्रनने त्याला हाताने खाली बसवलं. मला विचारलं, “त्या काकांना सांगितलंत?”

“नाही. आधी तुम्हाला.”

“उलटं केलंत. आमच्याकडे चुकीचं औषध दिलं गेलं तर आधी पेशंटकडे धावतात. नातेवाईक नंतर.”

मी कुणाकडे आधी गेले? ज्यांनी काम दिलंय त्यांच्याकडे. हे मला सुचलंसुद्धा नव्हतं.

१२ मार्च, बुधवार

सकाळी काकांकडे. समोरची खोली हेच दुकान. भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. “गिऱ्हाइकाला घाई असेल त्याप्रमाणे बघून घ्यावं,” असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. डोळ्याला भिंग लावून काम चालू होतं. मी सांगत होते तोवर त्यांनी भिंग काढलं नाही.

“घडी होती होय,” एवढंच म्हणाले. मग चिमट्याने एक चाक जागेवर बसवलं. “मला वाटायचं, माझंच काही चुकलं असेल.”

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मग हळूहळू बोलले. जुनं कुंपण डोक्याहून उंच होतं. त्याच्याच फांद्या छाटून त्यांनी आत लावल्या. वाढायला तीन पावसाळे गेले. तोवर येणाराजाणारा आत बघायचा. बायको तेव्हा आजारी होती, अंगणात खाट टाकून पडायची. “तिला उघड्यावर बसल्यासारखं वाटायचं. मग आतच झोपायला लागली. नंतर काही बाहेर आलीच नाही.”

मी म्हटलं, “तेव्हा तुम्ही विचारलं कसं नाही कुणाला?”

“विचारलं होतं की. लेखी. तुमच्या ऑफिसने तपासून कळवलं, रेषा बरोबर आहे.”

सरांनी उत्तर दिलं असणार. सरांनी माझ्यावर विश्वास टाकला आणि सही केली. त्यांच्यावर किती ओझं टाकलं मी, त्यांना कळलंही नाही!

निघताना म्हणाले, “बरं झालं आलात. तुम्हीच आलात ते.” ‘तुम्हीच’वर जोर का, कळलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

पश्चिमेच्या वाटेचे चार आराखडे केले. शेड मध्ये येतेच. वाट तीन मीटरहून एक वीतही कमी चालणार नाही. मेट्रनचा फोन – “तो दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. म्हणजे विचार करतोय. विचार करताना त्याला बोलता येत नाही, लहानपणापासून.” आणि वर मलाच – “जेवलात का?”

सहा दिवस राहिले.

१७ मार्च, सोमवार

ऑफिस उघडायच्या आधी धाकटा जिन्यात बसलेला! हातात सुतळीचं भेंडोळं, तिला दोन गाठी.

“ही व्हॅनची लांबी. ही रुंदी. शेड आडवी केली तर?”

त्याने काल दुपारी अंगणात चुन्याने शेड आखून बघितली होती. बायकोने विचारलं, खेळ मांडलाय का? तो म्हणाला, “हो.”

सुतळी फितीवर धरली. आडवी शेड बसते. वाट तीन मीटर दहा सेंटीमीटर निघते! दरवाजा मात्र मागच्या बाजूने करावा लागेल. “करीन,” म्हणाला. मग खाली बघत – “मला सांभाळायचं म्हणून ताईने दोन वर्षं शाळा सोडली होती. ती कधी बोलून दाखवत नाही. तेच जास्त टोचतं. तिला सांगू नका मी असं म्हणालो.”

नाही सांगणार. इथे लिहिलं, एवढंच.

२० मार्च, गुरुवार

फाईल दिली. नकाशाच्या सहा प्रती, दोघांची संमती, वाटेच्या हक्काचं पत्र, चार दगडांचे फोटो. पूर्वेला बोळ दाखवली नाही, ‘घड्याळवाल्यांची जागा’ असंच लिहिलं. खिडकीवरच्या बाई – “शेवटच्या दिवशीच कशी जाग येते हो सगळ्यांना!” मग बोट ठेवून, “अहो, बोळ राहिली.”

“राहिली नाही. ती नाहीच.”

चष्म्यावरून बघितलं त्यांनी. कारण लेखी द्या म्हणाल्या. तिथेच उभ्या उभ्या दिलं.

२७ मार्च, गुरुवार

मंजूर! बैठकीत आमच्या फाईलला चार मिनिटं लागली. त्यातली तीन पंखा बंद का आहे यावर गेली.

मेट्रनने जिन्यातच मिठी मारली, मग झटकन बाजूला होऊन म्हणाली, “ते झालं. आता त्यांचं काम करा.”

३१ मार्च, सोमवार

काकांच्या जागेची नोंद दुरुस्त करून घ्यायची. त्यांचे जुने कागद लागतात. मागितले. त्यांनी पत्र्याचा डबाच पुढे केला, दोरीने बांधलेला. “एकही कागद टाकलेला नाही. नेऊन सावकाश वाचा.” मी म्हटलं, मला फक्त खरेदीचा हवाय. “सगळे न्या,” म्हणाले.

संध्याकाळी अर्ज लिहायला घेतला. हाताने, शाईने. दुरुस्तीचं कारण काय द्यायचं? आधी मनात वाक्य जुळवलं – ‘ट्रेसिंग करताना त्रुटी राहिली.’ जणू ती आपणहून राहिली! मग लिहिलं – ‘माझ्याकडून नजरचुकीने कागदाची घडी हद्द म्हणून दाखवली गेली.’ खाली सही. प्रामाणिक वाटलं. बऱ्याच दिवसांनी शांत वाटतंय.

२ एप्रिल, बुधवार

डब्यात तळाशी आमच्या जुन्या ऑफिसचं पत्र. ‘आपल्या विनंतीवरून हद्दीची रेषा मूळ नकाशाशी पुन्हा ताडून पाहिली. ती बरोबर आहे.’

सही सरांची नाही. माझी आहे.

मूळ नकाशा तेव्हा मी पुन्हा उघडला नव्हता.

पत्र स्वच्छ आहे, एकही खाडाखोड नाही. अर्ज अजून टेबलावरच आहे. त्यातला ‘नजरचुकीने’ हा शब्द खोडला, वर लिहिलं – ‘न बघता’. नवा कागद घेतला नाही.