आन्सेल्मोची गिटार

प्रिय आणि आदरणीय अक्का,

अयाकुचोहून तुझ्या धाकट्या भावाचा, नेमेसियोचा, वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून. टेबलावर तुझ्या भावजयीने, गौदेन्सियाने, पावाचं पीठ फुगायला ठेवलं आहे आणि त्याला हात लावायचा नाही अशी ताकीद आहे. त्यामुळे कागद पेटाऱ्यावर आणि मी जमिनीवर.) लिमाच्या धुक्यात तुझा दमा कसा आहे? बाहेर पडताना नाकातोंडावर शाल घेत जा. भाऊजींच्या गुडघ्यांची मी चौकशी केली म्हणून सांग, त्यांनी माझी केली नसली तरी. इकडे मी बरा आहे. गौदेन्सियाही बरी असावी. असावी म्हणतो, कारण ती अकरा दिवस माझ्याशी बोलत नव्हती, परवापासून बोलायला लागली. ते का, हे सांगण्यासाठीच हे पत्र. फोन केला असता, पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला "मुद्द्यावर ये" म्हणतेस, आणि या गोष्टीतला मुद्दा जरा लाजाळू आहे, तो लवकर बाहेर येत नाही.

माझ्याकडे तीन गिटारी आहेत आणि जिवंतपणी त्यातली एकही मी कुणाला देणार नाही, हे मी आजवर इतक्यांना सांगितलं आहे की आता कुणी मागतही नाही. पहिली आपल्या बाबांची. तिच्या पाठीवर बाबांनी चाकूने आपलं नाव कोरलंय आणि त्या नावाखाली जी लांब भेग आहे ती तुझी. (तू नऊ वर्षांची असताना तिच्यावर बसलीस आणि मार मला बसला. मी तक्रार करत नाही, नोंद करतो आहे.) दुसरी लिमाची, चकचकीत, लग्नकार्यात वाजवायला बरी; जोरात बोलते पण मनातलं काही सांगत नाही. तिसरी अक्रोडाच्या लाकडाची, काळपट, एका खुंटीच्या जागी कुणीतरी हाडाचा तुकडा बसवलेली. मी घरी एकटा असलो की हीच काढतो. आपल्याकडचे जुने वायनो, ती रडता रडता नाचायची गाणी, तिच्यावर जशी निघतात तशी दुसऱ्या कशावरच नाहीत. ही तिसरी मी कुठून आणली असं तू एकदा विचारलं होतंस, तेव्हा मी "मिळाली" म्हणालो होतो. ती मिळालेली नाही. ती आन्सेल्मो कार्वासची आहे.

आन्सेल्मो तुला आठवणार नाही, तू तोवर लिमाला गेली होतीस. आमच्या शाळेत तो भूगोल शिकवायचा आणि मी अंकगणित. चौऱ्याऐंशी सालच्या एका गुरुवारी तो गिटार घेऊन दारात आला. म्हणाला, "आईला बघायला गावी चाललोय. रस्त्यात लष्कराचे शिपाई गाडी थांबवून सगळं सामान उलटंपालटं करतात, हिचं काही खरं नाही. रविवारी न्यायला येतो." मी म्हटलं, "ठेव तिकडे कोपऱ्यात." एवढंच बोलणं झालं. तो गावी पोहोचला नाही आणि परतही आला नाही. ती वर्षं कशी होती ते तुला मी काय सांगावं, लष्कर आणि बंडखोर यांच्यामध्ये माणसं नाहीशी व्हायची, तुझ्या मनीऑर्डरीसुद्धा घाबरत घाबरत यायच्या. मी आठ दिवस त्याची चौकशी करत फिरलो. नवव्या दिवशी एका कचेरीत माझं नाव विचारून कागदावर लिहून घेतलं, आणि दहाव्या दिवसापासून मी फिरलो नाही. त्याची बायको सहा महिन्यांच्या मुलीला पाठीला बांधून लिमाला निघून गेली. गिटार कोपऱ्यात राहिली. दोन वर्षं मी तिला हात लावला नाही. मग एक दिवस धूळ पुसायला घेतली आणि धूळ पुसता पुसता चौतीस वर्षांपैकी उरलेली बत्तीस गेली.

तर दोन आठवड्यांपूर्वी फोन आला. ती सहा महिन्यांची मुलगी. निल्डा. लिमात एका दवाखान्यात परिचारिका आहे, आणि आजीच्या पडक्या घराच्या कागदपत्रांसाठी इकडे येणार होती. म्हणाली, "काका, आई जाण्याआधी म्हणाली होती की बाबांची गिटार नेमेसियो सरांकडे आहे. मला न्यायची नाही. फक्त एकदा बघायची आहे." अक्का, यावर सभ्य माणसाने काय म्हणावं? मीही तेच म्हणालो, "ये की बेटा, तुझंच घर आहे." आणि फोन ठेवून गिटार लपवायला जागा शोधू लागलो.

मी वाईट माणूस नाही. पण बघणारा माणूस हात लावतो, हात लावणारा मांडीवर घेतो, आणि मांडीवर घेतलेली वस्तू परत मागायला मला तोंड नव्हतं. आधी ती पलंगाखाली सरकवली, तर मान बाहेर. कपाटावर ठेवली, तर दारातून आत येताच पहिली तीच दिसे. शेवटी स्वयंपाकघरात, जिथे आपले गिनीपिग मोकळे फिरतात, तिथे सरपणामागे पोत्यात गुंडाळून उभी केली. आता निल्डाला दाखवायची कुठली? बाबांच्या गिटारीवर बाबांचं नाव. म्हणून लिमाची पुढे केली. गौदेन्सिया हे सगळं चुलीपाशी बसून बघत होती. तिने बटाटे जरा जास्त जोरात सोलले.

निल्डा आली. लहानखुरी, शांत, हातात पावांची पिशवी. मी लिमाची गिटार दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली आणि म्हणालो, "ही बघ तुझ्या बाबांची." तिने ती उलटी धरली, डावीकडचं उजवीकडे. वरच्या लाकडावरून हात फिरवला, मग भोकातून आत डोकावून बघितलं, बराच वेळ. मला वाटलं रडते आहे. तेवढ्यात स्वयंपाकघरातून एक तार वाजली. मग दुसरी. पोतं कुरतडून गिनीपिग आत शिरले असावेत, आणि त्यातला एक जाडा तारांवरून चालला असावा, कारण मग चारपाच तारा एकदम वाजल्या.

"आत कुणी वाजवतंय का?" निल्डाने विचारलं.

"गिनीपिग," मी म्हणालो. (त्या दिवशी मी बोललेली ही एकमेव खरी गोष्ट.)

तिने मान डोलावली, सूप प्यायली, गिटार परत माझ्या हातात दिली. "छान आहे, काका. नीट सांभाळली आहे," म्हणाली. गौदेन्सिया तिला सोडायला फाटकापर्यंत गेली, परत आली, आणि तिने तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच. माझ्या वाटीत सूप यायचं, पण त्यात बटाटा नसायचा. सात दिवस मी याला तिचा वयोमानानुसार आलेला विसराळूपणा समजलो. मग एकदा गौदेन्सियाचा भाचा जेवायला आला, त्याच्या वाटीत तीन बटाटे निघाले.

अकराव्या दिवशी, म्हणजे परवा सकाळी, तिने चुलीकडे बघत तोंड उघडलं. "आज दहाच्या गाडीने ती पोरगी चालली आहे," म्हणाली. "त्या दिवशी फाटकाशी मला काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, काकू, काकांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल. पण गिटारीत आत कागद चिकटवलाय. त्यावर एक्क्याण्णव साल आहे."

अक्का, मी जन्मभर अंकगणित शिकवलं. चौऱ्याऐंशी साली गेलेल्या माणसाची गिटार एक्क्याण्णव साली बनू शकत नाही, हे तिसरीतलं पोर सांगेल. आणि तिने ते भोकातून वाचलं, गिळलं, आणि वर माझं सूप पिऊन गेली. मी पोतं सोडलं, आन्सेल्मोची गिटार काढली (कडेला दातांच्या खुणा आहेत, त्या आता कायमच्या) आणि एका पायात बूट, एका पायात चप्पल अशा थाटात गाडीतळावर पोहोचलो.

देवाची कृपा म्हणायची की खाणकामगारांची, पुढे त्यांनी रस्ता अडवला होता आणि गाडी जागची हलली नव्हती. निल्डा बाकावर बसली होती. मी शेजारी बसलो. माफी मागायला शब्द जुळवत होतो, तर तिनेच हाडाच्या खुंटीकडे बोट केलं. "आईने हे सांगितलं होतं. बाबांनी जेवणातल्या हाडाची केली म्हणून."

मी म्हटलं, "मी खोटं बोललो."

"हो," ती म्हणाली. "वाजवा ना. बाबा वाजवायचे तसं."

आता काय सांगू तुला. मी म्हणालो, "बेटा, तुझ्या बाबाला वाजवता यायचं नाही. ताल सुटायचा, वरच्या सुरावर बोट घसरायचं, आणि तरी तो शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात पुढे यायचा. मुख्याध्यापक त्याचं नाव यादीतून खोडायचे आणि तो परत लिहायचा." ती हसायला लागली, अशी हसली की डोळे पुसावे लागले. म्हणाली, "आजवर सगळ्यांनी मला फोटोतला माणूस सांगितला. हा पहिलाच खरा." मग मी त्याच्यासारखं वाजवून दाखवलं, ताल सोडून, बोट घसरवून. चांगलं वाजवणाऱ्याला ते फार कठीण जातं. समोरच्या बाईने आम्हाला उकडलेला मका आणि चीज आणून दिलं. मला वाटतं माझी कीव येऊन.

दीड वाजता रस्ता मोकळा झाला, गाडी निघायला झाली. मी गिटार तिच्यापुढे धरली, म्हणालो, "घेऊन जा, तुझीच आहे." ती म्हणाली, "नको काका. माझ्याकडे भिंतीला टांगलेली राहील. तुमच्याकडे वाजती राहील." मी बरं म्हटलं आणि गिटार काखेत घेऊन घरी आलो. गौदेन्सियाने माझ्या वाटीत दोन बटाटे घातले. तिन्ही गिटारी घरी आहेत, मन निर्मळ आहे, सगळं चांगलं झालं. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा भाऊ,
नेमेसियो

ता. क. हे पत्र तुला टपालाने नाही, गिटारीच्या पेटीत मिळालं असेल, म्हणजे वरचा शेवटचा परिच्छेद बाद समज. परवापासून मी तिच्यावर एकही गाणं पुरं वाजवू शकलेलो नाही. आपल्याकडे पाहुण्याला साध्या सुपाचा आग्रहसुद्धा तीनदा करतात. पहिल्या "नको"ला "नको" मानतच नाही कुणी. मी तिला एकदाच म्हणालो. ती "नको" म्हणताच माझे हात आपोआप मागे आले, आणि ते तिने पाहिलं. चीज विकायला लिमाला जाणाऱ्या तेओफिलाबाईंबरोबर पेटी पाठवतो आहे.

ता. क. २. तर अक्का, काम एवढंच. निल्डाचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. तू स्वतः जा, आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आग्रह कर. वाजवता येत नाही म्हणाली तर सांग की तिच्या बाबालाही येत नव्हतं.

ता. क. ३. तिसऱ्यांदाही नको म्हणाली तर चौथ्यांदा म्हण. चौथ्यांदा कुणी म्हणत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझा पहिला आग्रह मोजूच नकोस, मग तुझा चौथा तिसराच ठरेल.