शर्वरी नाटक करत नाही

आई,

मी शर्वरीला घेऊन डॉक्टरांकडे जातेय. बाबांचं जेवण झाकून ठेवलंय, त्यांना आधी गोळी दे.

तू देवळात गेलीस आणि मालूमावशी मामांसमोर तिला म्हणाली, "काय गो, ढीगभर खातंस आणि मोरीत जाऊन ओकतंस? अन्नाचो माज इलो तुका?" शर्वरीनं खाली मान घालून डब्यातल्या सगळ्या पुऱ्या संपवल्या आणि बाथरूमची कडी लावून घेतली. शेवटी मामांनी दार तोडलं. ती फरशीवर पडली होती, हातापायांत गोळे आले होते. मावशी तिथंही म्हणाली, "तुमची आईसच सांगता, नाटकां करता म्हणून."

तू लोकांना हे सांगत फिरतेस? डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं ना, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी हा मनाचा विकार आणि हे खाऊन ओकणं, दोन्ही आजार एकमेकांत गुंतलेत. आपलं माणूस तुटतंय असं वाटलं की ती घशाखाली अन्न कोंबते, मग स्वतःचीच किळस येऊन ओकून टाकते. बाबांची शुगर वाढली की त्याला नाटक म्हणतेस का कधी?

आत्ता तिच्या पायात चपला घालत होते, तर मला विचारते, "ताई, आई मला टाकणार तर नाही ना?" तुला न विचारताच मी नाही म्हणून सांगितलंय.

भोईवाड्याच्या दवाखान्यात असू. ये, आणि हे तिला तुझ्या तोंडून सांग.

अनुजा